कुणाच्या पोरांना वाईट वाटू नये?

अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात मे २०२१ मध्ये एक कायदा झाला, एचबी १७७५ म्हणतात त्याला, आणि त्यात एक कलम असं आहे की कुठल्याही मुलाला आपल्या वंशामुळे किंवा आपण मुलगा-मुलगी आहोत म्हणून अस्वस्थ वाटलं पाहिजे, अपराधी वाटलं पाहिजे, मनस्ताप झाला पाहिजे असं शाळेत शिकवायचं नाही. वाचायला किती छान आहे, कोण म्हणेल की पोरांना मनस्ताप द्या म्हणून. पण तारीख बघा जरा. गव्हर्नर केव्हिन स्टिट यांनी सही केली मेच्या पहिल्या आठवड्यात आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला त्याच राज्यातल्या टल्सा हत्याकांडाला १०० वर्षं पूर्ण होत होती. शताब्दीसाठी जी समिती होती तिच्यात गव्हर्नरसाहेब स्वतः मेंबर, सही झाल्यावर समितीने त्यांनाच बाहेर काढलं.

टल्साचं प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रीनवुड नावाची ब्लॅक लोकांची वस्ती, चांगली खाऊनपिऊन सुखी, दुकानं, हॉटेलं, डॉक्टर, वकील, स्वतःचे पेपर, लोक तिला ब्लॅक वॉल स्ट्रीट म्हणायचे. बूटपॉलिश करणाऱ्या एका ब्लॅक पोराने लिफ्टमध्ये गोऱ्या मुलीवर हात टाकला अशी आवई उठली, पेपरने तिखटमीठ लावून छापली, कोर्टासमोर गर्दी जमली आणि ३१ मे १९२१ च्या रात्रीपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ३५ ब्लॉक जाळून टाकले. मेलेल्यांचा अंदाज ३०० पर्यंत जातो. त्यासाठी एकाही गोऱ्याला शिक्षा झाली नाही, इन्शुरन्सवाल्यांनी दंगल म्हणून हात वर केले. आणि मग पुढची कितीतरी दशकं हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही, टल्सात जन्मून टल्सात म्हातारी झालेली माणसं सांगतात की आम्हाला चाळिशीत कळलं. राज्याने चौकशी समिती नेमली १९९७ ला, रिपोर्ट आला २००१ ला. व्हायोला फ्लेचर त्या रात्री सात वर्षांच्या होत्या, त्यांनी अमेरिकन काँग्रेससमोर येऊन साक्ष दिली तेव्हा १०७ वर्षांच्या होत्या, आणि ती साक्षही मे २०२१ मधलीच.

आता कायद्याची बाजू घेणारे लगेच म्हणतात, आणि खरंच आहे ते, की टल्सा शिकवू नका असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. उलट राज्याच्या अभ्यासक्रमात टल्सा आहे. मग भानगड काय? तर २०२३ मध्ये राज्याचे तेव्हाचे शिक्षणप्रमुख रायन वॉल्टर्स यांना एका सभेत कुणीतरी सरळ विचारलं की तुमच्या कायद्यात राहून टल्सा कसं शिकवायचं, तर त्यांचं म्हणणं साधारण असं की ज्यांनी ते केलं ते वाईटच होते पण त्याचा संबंध कातडीच्या रंगाशी जोडू नका. मग कशाशी जोडायचा हो? ३५ ब्लॉक काय पत्ता चुकून जळाले? नंतर त्यांनी सारवासारव केली, पण शिक्षकाला जे कळायचं ते कळलं. नोकरी करणारा माणूस कायदा वाचत नाही, तो साहेबाचा चेहरा वाचतो.

आणि हेच वॉल्टर्स जून २०२४ ला काय करतात, तर फतवा काढतात की पाचवी ते बारावी राज्यातल्या प्रत्येक पब्लिक स्कूलमध्ये बायबल शिकवलंच पाहिजे, ऐच्छिक नाही, प्रत्येक वर्गात एक प्रत. मग ५५,००० बायबल घ्यायचं टेंडर निघालं. त्या टेंडरच्या अटी म्हणजे खरंच बघण्यासारख्या होत्या: किंग जेम्स भाषांतरच हवं, बाइंडिंग लेदरचं किंवा लेदरसारखं, आणि त्याच पुस्तकात अमेरिकेची राज्यघटना, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, बिल ऑफ राइट्स आणि झेंड्याची प्रतिज्ञाही छापलेली हवी. असलं बायबल बाजारात शोधायला गेलं तर जेमतेम एखाद-दुसरं सापडतं, त्यातलं एक म्हणजे ट्रम्प यांनी ज्याची जाहिरात केली ते, किंमत साधारण ६० डॉलर. बोंबाबोंब झाली आणि अटी बदलल्या. आपल्याकडे सरकारी टेंडरं कशी लिहिली जातात हे ज्याला माहीत आहे त्याला समजवायची गरज नाही.

मला हे टेंडर जास्त इंटरेस्टिंग वाटतं ते भ्रष्टाचारासाठी नाही, एकाच बाइंडिंगमध्ये बायबल आणि घटना शिवायची जी हौस आहे ना त्यासाठी. कारण बऱ्याच चर्चांमध्ये ह्या दोन वेगवेगळ्या बातम्या म्हणून येतात, एक वंशाबद्दल शिकवण्यावर बंदी, दुसरी शाळेत धर्म. माझं म्हणणं असं आहे की ही एकच बातमी आहे. एकदा का तुम्ही धरून चाललात की हा देश देवाने स्वतः निवडलेला, त्याचे संस्थापक देवाच्या प्रेरणेने वागणारे, की मग गुलामगिरी हा इतिहासातला एक भयंकर अध्याय राहत नाही, ती तुमच्या श्रद्धेतली अडचण होते. साध्या देशाने पाप केलं असं शिकवता येतं. देवाच्या लाडक्या देशाने अडीचशे वर्षं माणसं विकली हे शिकवायचं म्हटलं तर एक तर देवाला प्रश्न विचारावा लागतो नाहीतर शिक्षकाला गप्प करावं लागतं, आणि दुसरं सोपं आहे.

असले कायदे करताना क्रिटिकल रेस थिअरी ह्या शब्दावरून जो धुरळा उडाला त्यावर मी फार वेळ घालवणार नाही. डेरिक बेल, किम्बर्ली क्रेनशॉ वगैरे कायद्याच्या प्राध्यापकांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात मांडलेला विचार, मुद्दा असा की भेदभाव करणारे कायदे रद्द झाले तरी कर्ज, घरं, कोर्ट, पोलीस ह्या यंत्रणांत तो शिल्लक राहतो, तो कसा. लॉ कॉलेजात शिकवतात. पाचवीच्या पोराला कुणी शिकवत नव्हतं. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर आंदोलनं झाली, सप्टेंबरात क्रिस्टोफर रुफो नावाचा कार्यकर्ता फॉक्स न्यूजवर ह्याबद्दल बोलला आणि त्याच महिन्यात त्याविरुद्ध ट्रम्प यांची ऑर्डर निघालीसुद्धा. रुफोने पुढच्या वर्षी ट्विटरवर उघड लिहिलं की लोकांनी पेपरात काहीही वेडपट वाचलं की त्यांना हाच शब्द आठवला पाहिजे हे आमचं ध्येय आहे. प्रामाणिक माणूस म्हणायचा.

खरी गंमत चर्चच्या इतिहासात आहे. अमेरिकेतली सगळ्यात मोठी प्रोटेस्टंट संघटना म्हणजे सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन. हे सदर्न का? तर १८४५ मध्ये दक्षिणेतले बॅप्टिस्ट उत्तरेतल्यांपासून फुटले, कारण गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून नेमायला उत्तरेकडचे तयार नव्हते. म्हणजे संघटनेचा जन्मच ह्या वादातून. तिने माफी मागितली १९९५ ला, दीडशे वर्षांनी, ठीक आहे, मागितली. मग २०१८ मध्ये त्यांच्याच लुइव्हिलच्या सेमिनरीने, म्हणजे पास्टर घडवणाऱ्या कॉलेजने, अध्यक्ष अल्बर्ट मोहलर, स्वतःच्या संस्थेचा इतिहास खणून रिपोर्ट काढला की आमच्या चार संस्थापकांकडे मिळून ५० च्या वर गुलाम होते. खरं सांगतो, असं काम करायला हिंमत लागते, आपल्याकडच्या किती संस्थांनी, किती मठांनी केलंय? आणि मग दोनच वर्षांनी, नोव्हेंबर २०२० मध्ये, त्याच मोहलरसकट सहा सेमिनरींच्या अध्यक्षांनी पत्रक काढलं की क्रिटिकल रेस थिअरी आमच्या श्रद्धेत बसत नाही. सहाही अध्यक्ष गोरे. त्यानंतर काही नावाजलेले ब्लॅक पास्टर संघटना सोडून गेले. म्हणजे मेलेल्या संस्थापकांचं पाप मान्य करायला हरकत नाही, पण ते पाप आजच्या यंत्रणेत कुठे मुरलंय हे विचारायला बंदी. हा मधला टप्पा मला महत्त्वाचा वाटतो कारण ह्यात मूर्ख कुणी नाही, सगळे शिकलेले, विचार करणारे लोक आहेत आणि तरी ते एका रेषेपाशी येऊन थांबतात.

त्याच्याही मागे गेलं तर १८०७ चं एक बायबल आहे, लंडनमध्ये छापलेलं, ब्रिटिश वेस्ट इंडिजमधल्या गुलामांसाठी खास निवडलेले भाग. २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या म्युझियम ऑफ द बायबलमध्ये ते मांडलं होतं. ह्यातून जुन्या कराराचा साधारण ९० टक्के भाग गायब आहे. मोझेस इजिप्तमधून आपल्या लोकांना सोडवून नेतो ती गोष्टच नाही, आणि नोकरांनो मालकाची आज्ञा पाळा ते मात्र व्यवस्थित शाबूत. म्हणजे बघा, प्रत्यक्ष देवाचं पुस्तकसुद्धा ऐकणाऱ्याच्या डोक्यात नको ते येईल म्हणून कापलं. आज जे लोक म्हणतात की सगळं बायबल शाळेत आणा, त्यांनी वर्गात हे १८०७ चं बायबलही दाखवावं की.

आणि कुणी म्हणेल तू धर्माच्या मागे लागलायस, तर तसं अजिबात नाही. कापलेली ती मोझेसची गोष्ट गुलामांनी तोंडपाठ केली, गुलामांना पळवून सोडवणाऱ्या हॅरिएट टबमनला लोक मोझेसच म्हणायचे. मार्टिन ल्यूथर किंग बॅप्टिस्ट पास्टरच होते, आणि १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी जे पत्र लिहिलं ते कुणा नास्तिकाला लिहिलेलं नाही, आंदोलन अवेळी आहे, जरा दमाने घ्या असं सांगणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना लिहिलंय. एकाच ग्रंथातून दोन्ही निघतं. प्रश्न असतो तो देव आणि देश यांची मोट कोण बांधतंय आणि त्या मोटेत कोण बसत नाही हा.

शाळांचा भागही नवीन नाही. १९५४ ला सुप्रीम कोर्टाने गोऱ्या आणि ब्लॅक पोरांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्यावर व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने काय केलं तर सगळ्या पब्लिक शाळांनाच टाळं लावलं, १९५९ ते १९६४, पाच वर्षं. गोऱ्या पोरांसाठी प्रायव्हेट शाळा निघाल्या, ब्लॅक पोरं घरी बसली. दक्षिणेत असल्या शाळा पुढे ढिगाने निघाल्या आणि बऱ्याच जणांनी नावात ख्रिश्चन लावलं. साउथ कॅरोलायनाची बॉब जोन्स युनिव्हर्सिटी तर आम्ही वेगवेगळ्या वंशाच्या मुलामुलींना डेटिंग करू देणार नाही कारण आमचा धर्म तसं सांगतो म्हणून सुप्रीम कोर्टात गेली, टॅक्सची सवलत वाचवायला. १९८३ मध्ये ८ विरुद्ध १ हरली. बंदी उठवली २००० साली, म्हणजे फार जुनी गोष्ट नाहीये, तेव्हा मी हॉटमेल वापरत होतो.

पुस्तकांची छाननी त्याहून जुनी. सिव्हिल वॉर हरलेल्या दक्षिणेतल्या बायकांची संघटना, युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी, तिच्या मिल्ड्रेड रदरफर्ड ह्या बाईंनी १९१९-२० च्या सुमारास शाळांसाठी आणि लायब्रऱ्यांसाठी एक मोजपट्टीच छापली. कुठलं पुस्तक नाकारायचं? ज्यात दक्षिण गुलामगिरीसाठी लढली असं लिहिलंय ते. ज्यात मालक गुलामांशी क्रूर वागायचे असं लिहिलंय ते. आणि लायब्ररीत असं पुस्तक आधीच असेल तर त्याच्या पहिल्या पानावर दक्षिणेवर अन्याय करणारं असा शेरा लिहून ठेवा. शंभर वर्षांपूर्वीचा हा कागद आणि आजची मुलांच्या मनस्तापाची भाषा शेजारी ठेवा. तेव्हा निदान सरळ बोलत होते, दक्षिणेचा अपमान होतो म्हणायचे. आता मुलांचं नाव पुढे केलंय.

मुलांचं म्हणाल तर, कुठली मुलं? हा प्रश्न कुणी विचारतच नाही. २०१५ मध्ये टेक्सासमधल्या एका नववीच्या ब्लॅक मुलाने भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशाचा फोटो काढून आईला पाठवला, खाली ओळ होती की अटलांटिक गुलाम व्यापाराने आफ्रिकेतून लाखो कामगार शेतमळ्यांवर आणले. कामगार! जणू एजंटमार्फत गल्फला गेले. पब्लिशर मॅग्रॉ-हिलला शेवटी चूक कबूल करावी लागली. २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या नव्या अभ्यासक्रमात आलं की गुलामांनी काही कौशल्यं मिळवली जी काही वेळा त्यांच्या स्वतःच्या फायद्याला येऊ शकत होती. हे वाचून ज्या पोराचे पणजोबा-खापरपणजोबा विकले गेले त्याला मनस्ताप होत नसेल? त्याच्या मनस्तापाला कलम नाही. म्हणजे वर्गात कुणाला तरी वाईट वाटणारच आहे, खोटं शिकवलं तर एकाला, खरं शिकवलं तर कदाचित दुसऱ्याला, आणि कायदा बघून घेतोय की ते नेहमी पहिल्यालाच वाटावं.

असल्या कायद्यांची बाजू घेणाऱ्यांचं सगळंच चुकीचं होतं असंही मी म्हणणार नाही, कारण २०२०-२१ मध्ये दुसऱ्या बाजूनेही बराच येडेपणा झाला. वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन म्युझियमच्या वेबसाइटवर एक तक्ता होता ज्यात कष्ट करणं, तर्काने विचार करणं ही गोऱ्यांच्या संस्कृतीची लक्षणं म्हणून दिली होती. अरे म्हणजे काय, हे तर वर्णद्वेष्टेच म्हणतात! टीका झाल्यावर काढला. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्कूल बोर्डाने कोविडमध्ये शाळा बंद असताना ४४ शाळांची नावं बदलायचा ठराव केला, त्यात लिंकनचं नावसुद्धा, आणि २०२२ मध्ये त्याच डेमोक्रॅट शहराने तीन मेंबरांना मत देऊन घरी पाठवलं. अमेरिकेचा इतिहास गुलामगिरीपासून सांगणाऱ्या न्यू यॉर्क टाइम्सच्या १६१९ प्रोजेक्टमधल्या काही विधानांवर नामांकित इतिहासकारांनी हरकत घेतली, त्यात गुलामगिरीवर आयुष्य घालवलेले लोक होते, आणि टाइम्सला एक वाक्य सुधारावं लागलं. पण हे बघा, हे सगळं सुधारलं कसं? टीका करून, वाद घालून, मतं देऊन. कुणाचं लायसन्स काढून नाही.

लायसन्सवरून आठवलं. ओक्लाहोमातल्याच नॉर्मन गावात २०२२ मध्ये शाळा सुरू होताना हायस्कूलच्या इंग्लिशच्या शिक्षकांना सांगण्यात आलं की वर्गातली पुस्तकं तपासा नाहीतर झाका. एका शिक्षिकेने आपली सगळी कपाटं लाल कागदाने झाकली, वर लिहिलं की ही पुस्तकं सरकारला तुम्ही वाचायला नको आहेत, आणि बाजूला एक क्यूआर कोड चिकटवला, स्कॅन केला की न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन पब्लिक लायब्ररीचं फुकट ई-कार्ड. एवढंच. एका पालकाची तक्रार, बाईंनी राजीनामा दिला, आणि २०२४ मध्ये राज्याच्या बोर्डाने त्यांचं शिकवायचं लायसन्सच रद्द केलं. त्याआधी टल्साच्या अख्ख्या शाळा विभागाचा मान्यतेचा दर्जा खाली आणला होता, तोही मुलांच्या धड्यामुळे नाही, शिक्षकांच्या एका ऑनलाइन ट्रेनिंगमुळे. एवढं झाल्यावर पुढचा शिक्षक काय करेल? १९२१ चा धडा येईल, तो वाचेल, तारखा फळ्यावर लिहील, का झालं असं कुणी विचारलं तर म्हणेल बेल झाली.

आता आपल्या लोकांकडे येतो, कारण मराठी ग्रुपांवर हा विषय निघाला की वोक लोकांची कशी जिरवली असे मेसेज फिरतात, आणि ते फिरवणाऱ्यांत तिकडे राहणारेही बरेच असतात. २००५-०६ मध्ये कॅलिफोर्नियात सहावीच्या पुस्तकांवरून वाद झाला होता. काही हिंदू संघटनांनी दुरुस्त्या सुचवल्या, जातीबद्दलचा मजकूर सौम्य करा वगैरे. एक दुरुस्ती मला पाठ आहे: प्राचीन भारतात पुरुषांना स्त्रियांपेक्षा जास्त हक्क होते, ह्या वाक्याऐवजी पुरुषांची कर्तव्यं आणि हक्क स्त्रियांपेक्षा वेगळे होते असं लिहा. मिल्ड्रेडबाईंनी पाठ थोपटली असती. कारण काय दिलं? आमच्या मुलांना वर्गात लाज वाटते, त्यांना चिडवतात. आणि चिडवतात हे खरंच आहे, तुझी जात कुठली असं गोऱ्या पोराने डबा खाताना विचारणं काही मजेचं नाही, पुस्तकांत इतर चुका आणि हिंदू धर्माची थट्टाही होती, ती सुधारायलाच हवी होती. पण त्याच वर्गात एखादं दलित घरातलं पोरही बसलेलं असू शकतं, त्याला वेगळे हक्क वाचून काय वाटेल ह्याची चौकशी कुणी केली? २०२३ मध्ये तिथेच जातीवरून भेदभावाला बंदी घालणारं एसबी ४०३ हे बिल आलं तेव्हाही परत तेच, हिंदूंना टार्गेट करताहेत, मुलांना त्रास होईल, आणि गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारलं. जोतीरावांनी १८७३ मध्ये आपलं गुलामगिरीवरचं पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं होतं. त्यांच्या प्रांतातून गेलेल्या माणसाने तिकडे जाऊन मोजपट्टीवाल्यांच्या रांगेत उभं राहायचं म्हणजे कठीण आहे.

आणि नुसतं नैतिक अंगाने कठीण नाही, व्यवहारानेही. ह्यूस्टनजवळ शुगर लँडला २०२४ मध्ये ९० फुटी हनुमानाची मूर्ती उभी राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये टेक्सासचा एक रिपब्लिकन सिनेट इच्छुक त्यावर लिहितो की खोट्या हिंदू देवाचा हा खोटा पुतळा इथे का चालवून घेतोय, आपण ख्रिश्चन राष्ट्र आहोत. तेव्हा हिंदू अमेरिकन फाउंडेशनने पक्षाला विचारलं की कारवाई करणार का, आणि घटनेच्या पहिल्या दुरुस्तीकडे बोट दाखवलं, सरकारला धर्म नसतो ते कलम. बरोबरच केलं. पण हे कलम मूर्तीपुरतं वापरायचं आणि वर्गातल्या बायबलच्या वेळी टाळ्या वाजवायच्या असं जमत नाही. २०२५ च्या टेक्सासच्या कायद्याने प्रत्येक सरकारी वर्गात कमीत कमी १६ बाय २० इंचांचं दहा आज्ञांचं पोस्टर लावायला सांगितलंय, लांबून वाचता येईल अशा अक्षरात, आणि त्यात पहिलीच आज्ञा आहे माझ्याशिवाय दुसरा देव नको. कोर्टात गेलेल्या पालकांमध्ये पास्टर आहेत, रॅबाय म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू आहेत, नास्तिक आहेत, एक हिंदू घरही आहे. डॅलसच्या गणपतीत ढोल वाजवणाऱ्यांपैकी ज्यांची पोरं त्या वर्गांत बसतात त्यांनी ठरवायचंय की आपण त्या यादीत नाव देणार की ग्रुपवर अजून एक फॉरवर्ड टाकणार.